प्रकाश टोकाला मोजा

नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. उपग्रहावरचे इंटरनेट आधी जिथे न्यायचे त्या जिल्ह्यांत गडचिरोली, वाशीम आणि धाराशिवबरोबर नंदुरबारचेही नाव आहे. त्याचे स्वागतच करायला हवे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर दवाखानाही बोटीतून जातो. तिथे आकाशातून जे उतरेल ते उतरू द्यावे. पण या बातमीच्या जोरावर ‘आता केबलचे काय काम?’ असा सूर जिल्ह्यात निघू लागला, तर तो तिथल्या तिथे थांबवला पाहिजे. तळोद्यासारख्या तालुक्याचे आकाशावर भागणार नाही. त्याचे काम जमिनीखालच्या काचेच्या तंतूवरच चालेल, आणि त्या तंतूची निगा कोण राखतो, त्याची मोजदाद कशी होते, हे विचारण्याची वेळ आली आहे.

तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापी, मधल्या सपाटीवर ऊस, केळी, पपई, कापूस. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय इथे आहे, म्हणजे आश्रमशाळांचे आणि शिष्यवृत्त्यांचे कागद इथूनच हलतात. शेजारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. त्यानंतर रेशन अंगठ्यावर आले, रोजगार हमीची हजेरी मोबाइलवर आली, अंगणवाडीच्या नोंदी पोषण ट्रॅकरवर गेल्या, पेन्शन आणि अनुदान थेट खात्यात पडू लागले. ज्या जिल्ह्यातून ही सारी व्यवस्था सुरू झाली, तिथे ‘नेट नाही, उद्या या’ हे वाक्य साधे नसते. ते ऐकून पाड्यावर परत जाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि धान्यही मिळालेले नसते. दुसऱ्या दिवशीचे भाडे वेगळेच.

मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. मोबाइल बिनतारी असतो तो हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंत. तिथून पुढे सारी वाहतूक एक तर सूक्ष्मलहरींच्या तबकडीवरून पुढच्या टॉवरकडे जाते, नाहीतर थेट फायबरमध्ये शिरते. आणि तबकडीवरून गेलेलीही चारदोन उड्यांनंतर फायबरमध्येच शिरते. उपग्रहावरून आलेले इंटरनेटही जमिनीवरच्या केंद्रात उतरले की पुढचा प्रवास फायबरमधूनच करते. तालुक्याकडे येणारी एक केबल तुटली की बँक, टॉवर आणि ग्रामपंचायत एकाच वेळी का बंद पडतात, याचे उत्तर यात आहे.

हा तंतू काय करतो ते एकदा नीट समजून घेतले पाहिजे. त्याशिवाय दोष कुठे आहे ते कळत नाही. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना एक गोष्ट ठाऊक असते. बुडी मारून सरळ वर पाहिले तर आकाश दिसते. नजर तिरकी करत नेली तर एका मर्यादेनंतर आकाश नाहीसे होते, पाण्याचा पृष्ठभागच आरसा होतो आणि त्यात विहिरीची आतली बाजू दिसू लागते. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला प्रकाश पुरेसा तिरका असला, तर तो बाहेर पडतच नाही. सगळाच्या सगळा आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. जिनिव्हाच्या कोलाडॉनने 1841 च्या सुमारास आणि लंडनमध्ये टिंडॉलने 1854 मध्ये पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला होता. फायबरमध्ये पाण्याच्या जागी अतिशुद्ध सिलिका काच आली, एवढाच फरक. मधला गाभा सुमारे 9 मायक्रॉनचा. भोवतीच्या आवरणासह सारी जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. गाभ्याच्या काचेत थोडे जर्मेनियम मिसळलेले असते, त्यामुळे तिचा अपवर्तनांक आवरणाच्या काचेपेक्षा अगदी थोडा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, जास्त भरतो. एवढ्याशा फरकावर प्रकाश मैलोन् मैल आत कोंडून राहतो. गाभा इतका बारीक ठेवण्यामागेही विचार आहे. रुंद गाभ्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो, काही किरण आधी पोहोचतात, काही मागे पडतात आणि संदेश फिसकटतो. 9 मायक्रॉनच्या गाभ्यात प्रकाशाला वाहण्याची एकच तऱ्हा उरते, म्हणून लांब पल्ल्याला हीच जात वापरतात.

खरी अडचण काचेच्या शुद्धतेची होती. काचेत प्रकाश मरतो तो काचेच्या मूळ स्वभावाने मरत नाही, तिच्यात राहून गेलेल्या लोखंडासारख्या अशुद्धीमुळे मरतो, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये मांडले. त्या काळच्या चांगल्या काचेतही दर किलोमीटरला 1000 डेसिबल घट होई. दहा डेसिबल म्हणजे दहापट घट, हे लक्षात घेतले तर त्या काचेत 10 मीटर गेल्यावरच नऊदशांश प्रकाश संपत असे. घट 20 डेसिबलवर आणली तर यावर टेलिफोन चालवता येईल, असे काओ आणि हॉकहॅम यांचे गणित होते. 1970 मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती 17 वर आणली. त्याच वर्षी खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसरही तयार झाला, आणि तार व दिवा दोन्ही एकदम हाती आले. काओ यांना 2009 चे नोबेल मिळाले. आज 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला ही घट किलोमीटरमागे 0.2 डेसिबलच्या आसपास असते. 15 किलोमीटर काच ओलांडूनही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. माणसाने बनवलेल्या वस्तूंत इतकी निर्मळ दुसरी वस्तू सहज सापडणार नाही, आणि ती तळोद्याच्या रस्त्याकडेला पुरलेली आहे.

भारतात हे तंत्र पहिल्यांदा उतरले तेही महाराष्ट्रात. टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा 1979 मध्ये पुण्यात सुरू झाली. काचेची जाड कांडी 2000 अंशांच्या आसपास तापवून तिच्यातून तंतू ओढण्याचे कामही छत्रपती संभाजीनगरजवळ आपल्याच राज्यात होते. गावापर्यंत तो नेण्याचा निर्णय मात्र ऑक्टोबर 2011 मध्ये झाला. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क असे त्याचे पहिले नाव; 2015 पासून भारतनेट. उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायतींचे. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. पुढे 4 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र सरकारने 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. पैसा नव्हता, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

आता तालुक्याच्या ठिकाणापासून गावापर्यंतचा हिशेब पाहू. तळोद्यासारख्या ठिकाणी एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचे यंत्र असते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ओएनटी ही लहान पेटी. ओएलटीमधला लेसर 1490 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश सेकंदाला जवळजवळ अडीच अब्ज ठिपक्यांच्या वेगाने कमीजास्त करतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर, म्हणजे एकेक ठिपका तंतूत जेमतेम 8 सेंटिमीटर जागा घेतो. गावाकडून परतीचा संदेश 1310 नॅनोमीटरवर येतो. दोन तरंगलांब्या वेगळ्या असल्याने एकाच तंतूतून जाणेयेणे बिनधोक चालते. मधे स्प्लिटर असतो. त्याला वीज लागत नाही, तो आलेला प्रकाश चार, आठ किंवा त्याहून जास्त फांद्यांत वाटून देतो. टोकाला पेटीतला फोटोडायोड प्रकाशाची पुन्हा वीज करतो. ही जोडणी 20 किलोमीटरच्या पल्ल्यासाठी बेतलेली आहे.

वाटेत प्रकाश किती खर्च होऊ द्यायचा याची मर्यादा ठरलेली असते. या जातीच्या यंत्रणेला साधारण 28 डेसिबल मिळतात. गाव 15 किलोमीटरवर धरले तर काचेत सव्वापाच डेसिबल जातील, कारण 1310 नॅनोमीटरला काचेतली घट 1550 पेक्षा जास्त असते. चार फांद्यांचा स्प्लिटर सात-सव्वासात घेईल. दोन्ही टोकांचे मिळून चार कनेक्टर धरले तर दोन. केबलचे रीळ साधारण दोन किलोमीटरचे असते, म्हणून वाटेत सात-आठ जोड येतील. ते नीट केलेले असतील तर सगळे मिळून एक डेसिबलसुद्धा खाणार नाहीत. बेरीज पंधरा-सोळाच्या आत. बारा डेसिबल हाताशी उरतात. गावात पोहोचणारा प्रकाश आणखी पंधरा पटींनी मंदावला तरी पेटी चालली पाहिजे, इतकी ही ऐसपैस शिल्लक आहे.

मग पेटी बंद का पडते? आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर काचेत सापडत नाही. ते जोडांत आहे, खोदकामात आहे, विजेत आहे आणि कंत्राटाच्या कागदात आहे.

जोडाचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तुटलेल्या जागी खड्डा केलेला असतो आणि गाडीच्या मागच्या फळीवर किंवा छत्रीखाली एक तरुण बसलेला असतो. तो आधी केबलचे काळे कवच सोलतो, आतल्या नळीतले चिकट जेल पुसतो आणि रंगीत तंतू वेगळे करतो. निळा निळ्याला, नारिंगी नारिंगीला, हिरवा हिरव्याला. रंग चुकला तर एका गावाचा संदेश दुसऱ्याच गावात जाईल. जोडाला आधार देणारी बारीक नळी आधीच एका तंतूवर ओवून ठेवावी लागते. ती विसरली तर जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून. मग तंतूवरचा रंगाचा लेप काढायचा, अल्कोहोलने पुसायचे, आणि क्लीव्हरने टोक असे कापायचे की ते काटकोनात, आरपार सपाट यावे. दोन टोके स्प्लायसिंग यंत्रात समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात. यंत्र त्यांना एका रेषेत आणते, दोन विद्युत् अग्रांमध्ये क्षणभर ठिणगी पेटते, काच वितळून एक होते आणि पडद्यावर आकडा येतो: 0.02, 0.03. चांगला जोड एवढाच प्रकाश खातो. पण मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात उडणारा धुळीचा एक कण 9 मायक्रॉनच्या गाभ्याहून मोठा असतो. क्लीव्हरचे पाते बोथट झालेले असले, पुसायचे अल्कोहोल संपलेले असले, किंवा जोडपेटीत तंतू फार आवळून गुंडाळला, तर त्याच जोडात अर्धा, कधी पूर्ण डेसिबल जातो. एक तूट म्हणजे मधे तुकडा घालून दोन जोड. सहा तुटी, बारा निष्काळजी जोड, प्रत्येकी एक डेसिबल: सारी शिल्लक संपली. प्रत्येक दुरुस्तीनंतर नेट चालू झालेले असते, म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि सातव्या खेपेला ‘केबलच खराब आहे’ असा निकाल दिला जातो.

यात त्या तरुणाचा दोष आम्ही मानत नाही. मोबदला जोडांच्या संख्येवर मिळत असेल आणि काम संपल्यावर घट मोजायला कोणी उभेच राहत नसेल, तर घाई होणारच.

तुटी होतात कशाने? नियमाप्रमाणे साध्या जमिनीत केबल 1.65 मीटर खोल जायला हवी, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास. खडकात एवढे खोदता येत नाही, तिथे लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे संरक्षण द्यायचे असते. कागदावर हे सगळे असते. प्रत्यक्षात रस्ता रुंद करायला जेसीबी येतो, नळयोजनेचा चर त्याच साइडपट्टीतून निघतो, आणि एका सरकारी योजनेचे खोदकाम दुसऱ्या सरकारी योजनेची केबल उपसून काढते. देशात दरवर्षी फायबरच्या सुमारे 10 लाख तुटी होतात आणि त्यांत जवळजवळ 3 हजार कोटी रुपये बुडतात, हा केंद्र सरकारचाच अंदाज आहे. त्यावर उपाय म्हणून 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने आधी त्यावर जागा कळवायची, म्हणजे तिथे ज्यांच्या केबल किंवा पाइप आहेत त्यांना सूचना जाते. ॲप चांगले आहे. पण तालुक्यातल्या लहान कंत्राटदाराच्या कार्यारंभ आदेशात ही अट ठळक अक्षरांत येत नाही आणि ती मोडल्यास बिलातून रक्कम कापली जात नाही, तोपर्यंत जेसीबीचा चालक ते उघडणार नाही. हे जिल्हा परिषद आणि बांधकाम विभाग यांच्या हातातले काम आहे. त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागत नाही.

तूट शोधायला किती वेळ लागतो, हे कळले तर वाचकांना आश्चर्य वाटेल. ओटीडीआर नावाचे यंत्र तंतूत प्रकाशाचा एक छोटा झोत सोडते. काचेच्या कणाकणावरून थोडा थोडा प्रकाश मागे विखुरतो. तो किती वेळाने आणि किती परत येतो, ते यंत्र टिपते. एक किलोमीटर जाऊन परतायला प्रकाशाला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. त्यावरून यंत्र आलेख काढते आणि सांगते: अमुक मीटरवर जोड, अमुक मीटरवर वाकलेला तंतू, अमुक मीटरवर तूट. एक्स्चेंजमध्ये बसून काही मिनिटांत हे कळते. मग दुरुस्तीला चार दिवस, आठ दिवस का लागावेत?

एक कारण अगदी साधे आहे. यंत्र तंतूची लांबी सांगते, रस्त्यावरचे अंतर सांगत नाही. जोडापाशी वेटोळी ठेवलेली असतात, पुलापाशी केबल वळसा घेते, मागच्या दुरुस्तीत कोणी तीस मीटर जादा घातलेली असते. केबल टाकतानाचा खरा नकाशा, जोडांच्या जागा, त्यांचे अक्षांश-रेखांश आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद हाताशी असेल तरच तो आकडा जमिनीवर उतरवता येतो. नकाशा मूळ कंत्राटदाराकडे राहून गेलेला, मार्गदर्शक दगड रस्तारुंदीत उखडलेले, अशा स्थितीत दुरुस्तीची माणसे अंदाजाने खोदत जातात. दुसरे कारण माणसांचे. स्प्लायसिंगची माणसे आणि यंत्रे दूरच्या शहरातून येणार असतील तर अर्धा दिवस वाटेतच जातो. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागातल्या मुलामुलींना हे काम शिकवणे अजिबात अवघड नाही. डोळा चांगला, हात स्थिर आणि कामात चोख, एवढे पुरते. आयटीआयमध्ये काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू करावा, प्रत्येक तालुक्यात दोन पथके आणि दोन यंत्रे कायमची ठेवावीत, आणि त्यांना पगार जोडांवर न देता चालू राहिलेल्या तासांवर द्यावा.

वाटांचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतनेटच्या पहिल्या आखणीत तालुक्यापासून गावाकडे केबल झाडाच्या फांदीप्रमाणे गेली. फांदी मुळाशी तुटली की पुढची सगळी गावे बंद. 2023 च्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार मांडणी आहे: एका बाजूने तूट झाली तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून पोहोचतो. समुद्राखालच्या केबलचेही तसेच असते. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारताचे इंटरनेट मंदावले, पण पूर्वेकडची वाट उघडी होती म्हणून ते बंद पडले नाही. तळोद्याच्या परिसराला असे वर्तुळ भूगोलानेच आखून दिले आहे. तळोद्याहून अक्कलकुवा, तिथून देवगोईचा घाट चढून मोलगी, मोलगीहून धडगाव, धडगावहून म्हसावदमार्गे शहादा, आणि शहाद्याहून पुन्हा तळोदा. मधून चांदसैली घाटाचा थेट रस्ता. चांदसैलीत पावसाळ्यात दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दरडीबरोबर साइडपट्टीही जाते आणि तिच्यातली केबलही. म्हणून धडगावची भिस्त एकट्या चांदसैलीवर ठेवता येणार नाही. नंदुरबारकडे जायलाही तापीवर दोन पूल आहेत, एक हातोड्याचा आणि एक प्रकाशा गावाजवळचा. दोन केबल टाकायच्या तर एक या पुलावरून आणि दुसरी त्या पुलावरून गेली पाहिजे. वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच चरातून, एकाच पुलाच्या कठड्याला बांधून नेल्या तर ते वर्तुळ नकाशावरच राहील. एका जेसीबीने दोन्ही तुटतील. कामाची पाहणी करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी तपासावे.

विजेबद्दल थोडक्यात. जुना टेलिफोन भारनियमनातही चालत असे, कारण तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची 48 व्होल्टची वीज घरापर्यंत येत असे. काचेतून वीज वाहत नाही. गावातल्या पेटीला स्वतःची वीज लागते, आणि गावातली वीज गेली की उत्तम फायबरही निरुपयोगी. पेटीला लागते ती वीज एका छोट्या दिव्याइतकी. एक बरी बॅटरी, छपरावर सौर पॅनल आणि दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याची तरतूद, इतकेच करायचे आहे. ही तरतूद देखभालीच्या कंत्राटात नसेल तर ती पुढच्या कंत्राटात घातलीच पाहिजे.

उपग्रहाचा मुद्दा पुन्हा घेतो, कारण त्याबद्दल गैरसमज नको. एका ग्रामपंचायतीत शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, सेवा केंद्र, रेशन दुकान आणि शंभर घरे एकदम जोडायची असतील तर उपग्रहाच्या एका झोतातली क्षमता साऱ्या टापूला वाटून घ्यावी लागते, महिन्याचे भाडे भरावे लागते आणि दर सरकारच्या हाती राहत नाही. फायबरचे तसे नाही. आज 24 तंतूंची केबल पुरली आणि उद्या दहापट वेग हवा झाला, तर दोन्ही टोकांची यंत्रे बदलायची. जमीन पुन्हा खोदायची नाही, काच तीच चालते. एका तंतूत वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक प्रवाह एकत्र सोडता येतात. दूर पल्ल्यावर प्रकाश मंदावला तर अर्बियम मिसळलेल्या फायबरचे तुकडे तो प्रकाशातच वाढवतात, विजेत उतरवावे लागत नाही. पंचवीस-तीस वर्षे टिकणारी ही मालमत्ता आहे. डोंगरातल्या शेवटच्या पाड्याला उपग्रह, आणि रस्त्यालगतच्या प्रत्येक गावाला फायबर, अशी वाटणी व्हावी. उपग्रह आला म्हणून गावाची केबल सोडून दिली, तर तो तोट्याचा व्यवहार होईल.

आजपर्यंत सरकारी अहवालांत दोन आकडे मिरवले गेले: किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या. जोडलेली ग्रामपंचायत आणि चालू असलेली ग्रामपंचायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजमाप टोकाला व्हायला हवे, आणि ते सोपे आहे. पॉवर मीटर काही हजार रुपयांत मिळतो. पेटीकडे येणारी पिवळी दोरी काढून मीटरला लावली की आकडा दिसतो. ती काढताना तिच्या टोकात डोकावून पाहू नये. प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला अपाय करू शकतो. आकडा मिलिवॅटच्या मानाने असतो. उणे 15 ते उणे 20 डीबीएम दिसले तर तब्येत ठणठणीत. उणे 20 म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग, आणि एवढ्याशा प्रकाशावर पेटी सुरळीत चालते. उणे 25 दिसले तर वाटेत कुठेतरी जोड बिघडला आहे आणि गाव बंद पडण्याआधीच माणूस पाठवायला हवा. उणे 27, म्हणजे मिलिवॅटच्या पाचशेव्या भागाच्याही खाली गेले की पेटीवर लाल दिवा लागतो. दर महिन्याला हा आकडा लिहून ठेवला तर केबल कधी आजारी पडणार ते आधीच कळेल. आणि कंत्राटदाराचे देयक किलोमीटरवर न काढता या आकड्यावर आणि चालू राहिलेल्या तासांवर काढता येईल.

तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेचा शब्द इतर ठिकाणच्या ग्रामसभेहून वजनदार आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने दोनच प्रश्न लेखी विचारावेत: मागच्या तीन महिन्यांत आमची जोडणी किती तास बंद होती, आणि आज आमच्या पेटीवर किती डीबीएम प्रकाश येतो? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी. उत्तर आले नाही तर पुढच्या सभेत तोच ठराव पुन्हा घ्यावा.